पंचवीस घोडे आणि सुरक्षा अधिकारी

आमचे हे पेडणे तालुक्यातल्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. आपल्या सबंध नोकरीत कारखान्यात एकही मोठा अपघात झाला नाही, हे ते अजून अभिमानाने सांगतात. त्यांचे सहकारी मात्र माझ्याकडे खाजगीत म्हणायचे, "वहिनी, अपघात व्हायला आधी काम सुरू व्हायला लागतं. साहेब तेच होऊ देत नाहीत."

निवृत्त झाल्यावर त्यांच्या ताब्यात कारखान्याऐवजी डिचोलीतलं आमचं घर आलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वाळूची लाल बादली आली. पायऱ्यांच्या कडांना पिवळे पट्टे आले. माडावर चढून नारळ काढणारा आमचा पाडेली बापजाद्यांपासून पायात दोरीचा एक वेढा घालून चढत आला होता. ह्यांनी त्याला कमरेचा पट्टा, हेल्मेट आणि खाली जाळी असल्याशिवाय चढायला बंदी केली. तो "बरें" एवढंच म्हणून गेला, तो पुन्हा आमच्या वाटेला फिरकला नाही. तेव्हापासून नारळ आपल्या सोयीने पडतात आणि अंगणात जाताना हेल्मेट आम्ही घालतो.

अशा माणसाने आपल्या जुन्या मोटारीला शर्यतीच्या गाड्यांत वापरतात तो नायट्रस बसवला, हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पण ते झालं, आणि माझ्या डोळ्यांदेखत झालं.

सुरुवात केरीच्या फेरीबोटीवर झाली. माझी बहीण आणि तिचा नवरा फोंड्याहून आले होते. त्यांना घेऊन आम्ही रेडीला गणपतीच्या दर्शनाला गेलो आणि येताना तेरेखोलहून फेरीत गाडी घातली. आमची गाडी म्हणजे छोटीशी, पेट्रोलची, बरीच वर्षं मी रोज डिचोलीहून पेडण्याच्या बाजूच्या माझ्या शाळेत घेऊन जाते ती. त्या दिवशी तिच्यात चार माणसं होती आणि बहिणीने वाटेत हौसेने घेतलेले दोन फणस. केरीच्या बाजूला उतरताना रॅम्पवर गाडी गुरगुरली, करपल्याचा वास आला, आणि पुढे जायच्या ऐवजी ती हळूहळू मागे, पाण्याच्या दिशेने जायला लागली.

मागे भाड्याच्या उघड्या जीपमध्ये चार पर्यटक पोरं होती. ती टुणकन उतरली. "अंकल, टेन्शन नका घेऊ," म्हणत त्यांनी आम्हाला वर ढकललं. तिघे ढकलत होते आणि चौथा त्याचा व्हिडिओ काढत होता. वर आल्यावर माझ्या बहिणीच्या नवऱ्याने, ज्याने नुकतीच ट्रकएवढी नवी गाडी घेतली होती, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "साडूभाऊ, आता हिलाही पेन्शनवर पाठवा."

त्या "हिलाही"मधला "ही" ह्यांना लागला. फणस त्यांनी नंतर आठवडाभर तोंडात घातला नाही.

दुसऱ्याच दिवशी गाडी कारापूरच्या गाराजात गेली. हे गाराज कोल्हापूरकडच्या एका मेस्त्रीचं. माणूस उमदा, हाताने चलाख, पण सगळं ज्ञान मोबाइलवरच्या व्हिडिओंतून घेतलेलं आणि त्यामुळे भीती म्हणून कशाची नाही. त्याने गाडीखाली डोकं घातलं आणि बाहेर काढून म्हणाला, "सायेब, क्लच गेलाय. टाकतो नवा. पण नुसता क्लच टाकून काय मजा? नायट्रस बसवूया की! बटण दाबलं की गाडी न्हाई, रॉकेट हुतंय बगा."

मला वाटलं, हे आता त्याला तिथेच उभं करून सुरक्षेवर प्रवचन देतील. पण ह्यांनी त्याला क्लचचं काम सांगितलं आणि निघाले. घरी आले, चष्मा लावला आणि मोबाइल घेऊन जे बसले ते महिनाभर उठले नाहीत. मला हळूहळू उमगलं की ह्यांना वेगाचं काहीच नव्हतं. ह्यांना धोक्याचं आकर्षण वाटलं होतं. इतक्या जागी, इतक्या तऱ्हांनी चूक होऊ शकते अशी वस्तू त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच भेटली होती. तिच्या प्रत्येक चुकीला कुलूप लावायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. कारखाना सुटल्यापासून माणूस इतका टवटवीत दिसला नव्हता.

एकदा जेवताना त्यांनी मला ते समजावून सांगितलं. "हा गॅस स्वतः जळत नाय गो. तो इंजिनाला जास्तीचा ऑक्सिजन देता. हवा जास्त मिळाली की पेट्रोल जास्त जाळता येतं, आणि जोर वाढतो."

"म्हणजे फुंकणी," मी म्हटलं.

ह्यांना ते फारच घरगुती वाटलं. पण पुढे गाराजात, शेजारात आणि शर्यतीच्या मैदानातसुद्धा ते "ही एक प्रकारची फुंकणी" असंच सांगायला लागले, माझं नाव न घेता.

"पण नुसती फुंकणी मारून चालत नाय," ते भातावर कढी ओतत म्हणाले. "हवेबरोबर पेट्रोलही वाढवून द्यायला लागता. हवा गेली आणि पेट्रोल कमी पडलं, की आतला जाळ इतका तापता की पिस्टनाक भोक पडता. झालं इंजिन."

दरम्यान नवा क्लच बसला होता. मी म्हटलं, आधी केरीला जाऊन बघू. गेलो. तेरेखोलला जाऊन परत आलो. केरीच्या रॅम्पवर गाडी एखाद्या शेळीसारखी तुरुतुरु वर चढली. मागे कुणी ढकलायला नाही, वास नाही, काही नाही.

"झालं की काम," मी म्हटलं. "आता कशाला गॅस?"

"हंय त्याचा उपयोगच नव्हता," हे शांतपणे म्हणाले. "इंजिन हळू फिरत असताना नायट्रस सोडला तर तो आतच साठून भडका उडू शकता. रॅम्पवर तो कधीच सोडायचा नसतो."

"मग सोडायचा कुठे?"

"पेडल पूर्ण दाबलेलं असताना, इंजिन जोरात फिरत असताना, सरळ, मोकळ्या, बंद रस्त्यावर."

डिचोली ते पेडणे या वाटेवर मी इतकी वर्षं गाडी चालवते आहे. पेडल पूर्ण दाबता येईल असं दोन गतिरोधकांमधलं अंतर मला आजवर दिसलेलं नाही. आणि दिसलंच तर तिथे म्हैस बसलेली असते. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सार्वजनिक रस्त्यावर वापरायचाच नाय. कायद्यात बसत नाय." म्हणजे ज्या कामासाठी आणायचा त्या कामाला चालत नाही, आणि ज्या रस्त्यावर गाडी चालते तिथे वापरायचा नाही. पण तोपर्यंत ह्यांची तयारी इतकी पुढे गेली होती की कारण असण्या-नसण्याला महत्त्व उरलं नव्हतं.

तरी हे परवानगीची चौकशी करायला एका कचेरीत गेलेच. कुठल्या ते सांगत नाही, कारण तिथला माणूस खरोखर सज्जन होता. मी बरोबर होते. ह्यांनी सगळं समजावलं. त्याने मान डोलावत ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे सीएनजी?"

"नाही."

"स्वयंपाकाचा?"

"नाही हो. नायट्रस ऑक्साइड."

त्याने आत जाऊन कुणाला तरी विचारलं, बाहेर आला, खुर्ची ओढून अगदी जवळ बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, तुम्ही चांगले माणूस दिसता म्हणून सांगतो. लोक असलं गुपचूप बसवतात. सापडले तर दंड भरतात. प्रश्न मिटला. विचारायला कोण येत नाय. तुम्ही विचारायला आलात, ही आता आमची अडचण झाली."

बाहेर आल्यावर ह्यांनी पायऱ्यांवरच वही काढली. मग त्यांनी आपला आपणच नियम केला. रस्त्यावर गाडी निघणार असेल तेव्हा बाटली घरी. वापर फक्त परवानगी घेऊन बंद केलेल्या रस्त्यावरच्या शर्यतीत. आणि तिथपर्यंत गाडी चाकांवर न जाता टोइंगच्या गाडीवर चढून जाणार. जोरात पळण्यासाठी आमच्या गाडीला आधी दुसऱ्याच्या पाठीवर बसायची वेळ आली होती.

बाटली बाहेरगावाहून आली. निळी, जाडजूड, लहान मुलाएवढी. घरात तिला प्रवेश नव्हता. मागच्या शेडमध्ये सावलीत, भिंतीला पट्ट्यांनी आवळून ती उभी राहिली. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याने ती पाहिली. हा शेजारी पूर्वी खाणीवर आपले ट्रक भाड्याने लावायचा, खाणी बंद पडल्यापासून दिवसभर जनेलात बसून आमच्याकडे बघतो. त्याने बायकोला सांगितलं, बायकोने बाजारात सांगितलं, आणि दोन दिवसांत अख्ख्या वाड्यावर झालं की मास्तरीणबाईंचे घरवाले ऑक्सिजनवर आहेत.

माणसं भेटायला येऊ लागली. सफरचंदं, शहाळी, कुणी अंगारा. माझी बहीण फोंड्याहून रडतच आली आणि तिचा नवरा, ज्याने "पेन्शन" म्हटलं होतं, तो खाली मान घालून कदेलीवर बसला. हे आतून धडधाकट बाहेर आले तेव्हा त्याने उठून त्यांचा हात धरला आणि म्हणाला, "उठू नका, उठू नका."

ह्यांना ही चूक दुरुस्त करायची घाई नव्हती. इतके श्रोते समोर आयते बसलेले, तेही सहानुभूतीच्या मनःस्थितीत! ह्यांनी प्रत्येकाला शेडमध्ये नेलं. बाटलीला जास्त दाब झाला तर फुटणारी चकती दाखवली. ती फुटली तर गॅस गाडीच्या आत न येता नळीने बाहेर जाईल, हे दाखवलं. माणसं सफरचंदाची पिशवी हातात तशीच धरून ऐकत होती.

शेजारी मात्र मागे रेंगाळला. "अरे, हो हांसपाचो गॅस न्हय?" त्याने डोळा घातला. "थोडो दी मरे. खाणी बंद जाल्यापासून हांसूक ना."

हे एकदम ताठ झाले. "अजिबात नाही. हा छातीत भरला की ऑक्सिजनला जागाच उरत नाही. माणूस हसता हसता आडवा होतो आणि उठत नाही. शिवाय मोटारीच्या गॅसात मुद्दाम घशाला झोंबणारं काही तरी घालतात, तुमच्यासारख्यांसाठी." शेजारी हिरमुसला होऊन गेला. संध्याकाळी ह्यांनी शेडला कुलूप लावलं.

गाराजात वेगळंच युद्ध चालू होतं. नायट्रस किती सोडायचा ते एका छोट्याशा पितळी तुकड्यातल्या भोकावर ठरतं. त्याला जेट म्हणतात. भोक मोठं, तेवढा जोर जास्त. मेस्त्री म्हणत होता, "सायेब, शंभर घोड्यांचा टाकू." हे म्हणत होते, "पंचवीस."

"पंचवीस म्हंजे बिनकटाची मिसळ झाली की वो!"

"पंचवीस. जुनं इंजिन आहे."

"बरं, पन्नास?"

"पंचवीस."

मी बाजूला स्टुलावर बसून वह्या तपासत होते. शेवटी मेस्त्रीने माझ्याकडे दाद मागितली. "वैनी, तुमी तरी सांगा." मी म्हटलं, "आमच्या लग्नात फटाके वाजलेच नाहीत. ह्यांनीच मला आणू दिले नव्हते." मेस्त्रीने पंचवीसचा तुकडा बसवला.

मग एकामागून एक कुलपं. पेडल तळाला टेकल्याशिवाय गॅस सुटायचा नाही. इंजिन ठरावीक वेगाच्या वर असल्याशिवाय सुटायचा नाही, आणि फार वर गेलं की बंद. पेट्रोलचा दाब कमी झाला की बंद. आणि सगळ्यांच्या वर डॅशबोर्डवर झाकणाचा लाल मुख्य खटका, तो चालू केल्याशिवाय काहीच नाही. ठिणगीची वेळ थोडी मागे घेतली, प्लग जास्त थंड प्रकारचे घातले. मेस्त्री एकेक तार जोडताना उसासा टाकत होता. "सायेब, एवढ्या अटी घातल्यावर गॅस म्हनंल, मी घरीच बसतो."

एका सकाळी मी गाराजात गेले तेव्हा ह्यांचा आवाज मोठ्या रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. मेस्त्रीच्या हातात पेटलेला ब्लो टॉर्च होता. बाटली जोडून बघायला गाराजात आणली होती; ती थंड असली की दाब कमी येतो, म्हणून तो तिला बुडातून जाळ देऊन गरम करायला निघाला होता. हे बाटली आणि जाळ यांच्या मध्ये दोन्ही हात पसरून उभे होते.

"व्हिडिओत तसंच करत्यात सायेब!"

"व्हिडिओच्या पुढचा भाग बघितलास? जिथे गाराजाचं छप्पर नाही?"

"तसला भाग त्येनी टाकलाच न्हाई."

"कारण टाकायला तो उरला नाही!"

मेस्त्रीने टॉर्च बंद केला. मग त्याला टायरच्या ढिगावर बसवून ह्यांनी जे सांगितलं त्यात दुपार झाली. बाटलीला गरम करायची खास चादर मिळते, ती ठरावीक उष्णतेला आपोआप थांबते, तीच वापरायची. हे त्याने शेवटी मान्य केलं. पण मान्य करताना त्याचा चेहरा असा होता की जणू त्याच्या तारुण्याचा अंत झाला आहे.

शर्यत झाली ती पेडणे तालुक्यातल्या एका माळावर. तिथे उद्योग येणार म्हणून आधी रस्ता आला. सरळ, रुंद, दोन्हीकडे दिव्यांचे खांब. मग उद्योग आलेच नाहीत. त्या रस्त्यावर एरवी गुरं चरतात आणि संध्याकाळी माणसं चालायला जातात. मोटारींच्या हौशी पोरांनी पोलिसांची आणि पंचायतीची परवानगी काढून एका रविवारी तो बंद करून घेतला होता. सरकारी योजनेतून एखादी गोष्ट कुणाच्या तरी खरोखर उपयोगी पडलेली मी त्या दिवशी बघितली.

आमची गाडी टोइंगच्या गाडीवर बसून निघाली तेव्हा वाटेत प्रत्येक ओळखीच्या माणसाने हात करून विचारलं, "बंद पडली?" बाटली वेगळी, मेस्त्रीच्या टेंपोत, पट्ट्यांनी बांधलेली. मी आणि हे बसने.

मैदानात गाड्यांची तपासणी होती. एक तरुण तपासनीस आमच्या गाडीत डोकावला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. आला तो म्हणाला, "काका, असं काम मी अजून बघितलं नाही." हे फुलले. पण फुलले तरी थांबले नाहीत. त्यांनी त्या तपासनीसाला सुरुवातीच्या रेषेजवळच्या अग्निशामक नळकांड्याशी नेलं आणि त्यावरचा काटा दाखवला. काटा लाल भागात, म्हणजे आत दाबच नव्हता. "हे आहे तोवर एकही गाडी सुटता कामा नये," हे म्हणाले. दुसरं नळकांडं आणायला माणूस पेडण्याला गेला. बाकीचे शर्यतवाले आमच्याकडे रागाने बघू लागले. नशिबाने उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे तोवर आलेलेच नव्हते, त्यामुळे उशिराचं खापर त्यांच्यावर फुटलं. मोकळ्या वेळात ह्यांनी आणखी एक सूचना केली. रुग्णवाहिका आहेच, तर प्रत्येक चालकाचा रक्तदाब बघून घ्यावा. आयोजकांनी कंटाळून तेही मान्य केलं.

पहिल्या फेरीत ह्यांच्या शेजारच्या पट्ट्यात एक पोरगा होता. त्याच्या गाडीला मागे पंख होता आणि तिचा आवाज हंबरड्यासारखा येत होता. ह्यांनी हेल्मेट घातलं, पट्टा दोनदा ओढून बघितला, लाल खटक्याचं झाकण उघडलं. दिवा हिरवा झाला. तो पोरगा दिसेनासा झाला. आमची गाडी गेली, पण जशी माझ्या शाळेला जाते तशी गेली. कुणी तरी मागून म्हणालं, "काका दूध आणायला चाललेत काय?" मेस्त्री डोक्याला हात लावून जमिनीवर बसला.

हे परत आले ते हसत. गाडीतून उतरले आणि मला सगळ्यांसमोर खांद्याला धरून हलवलं. "बघितलंस? बघितलंस गो? तोडला!"

"काय तोडला?"

"गॅस! पेट्रोलचा दाब पडला आणि माझ्या स्विचाने गॅस तोडला! नाय तर आज पिस्टन गेलो होतो! सिस्टम चालली!"

सगळ्या शर्यतीत शेवटचा आलेला आणि सर्वांत जास्त आनंदी असलेला तो एकच माणूस होता. ते मेस्त्रीला मिठी मारत होते, आणि मेस्त्री विचारत होता, "सायेब, पन हरलो न्हवं आपन?"

तपासल्यावर कळलं, पेट्रोलचा फिल्टर गाळाने भरला होता. मेस्त्रीने टेंपोतून नवा काढून बसवला. दाब पुन्हा नीट आला. दोन फेऱ्या सगळ्यांनाच होत्या; हे दुसरीला निघाले, तेव्हा रुग्णवाहिकेतल्या नर्सने त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, काट्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही खाली बसा." आनंदाने त्यांचा रक्तदाब चढला होता. नियम त्यांचाच. वाद घालायचा कुणाशी? ते मुकाट्याने सावलीत बसले. त्यांना नियम लागू होताना मी पहिल्यांदा बघत होते, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

तेवढ्यात आयोजकांपैकी एक जण धावत आला. महिला विभाग ठेवला होता, त्याचा चषकही देणगीदाराने दिला होता, पण नाव द्यायला एकही बाई आलेली नव्हती. आणि प्रमुख पाहुणे तो चषक स्वतःच्या हाताने द्यायचा म्हणून बसले होते. त्याने माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुम्हाला गाडी चालवता येते?"

"ही गाडी मीच चालवते," मी म्हटलं. "हे फक्त सूचना देतात."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. नको म्हणावं तर सावलीत बसलेल्या माणसाला नको म्हणायचा अधिकार नाही. हो म्हणावं तर बायको. शेवटी ते उठले, माझं हेल्मेट आपल्या हाताने बांधलं आणि सूचना द्यायला सुरुवात केली. ओढणी काढ. लाल खटका चालू कर, मग दोन्ही हात चाकावर. गाडी सरळ असल्याशिवाय पेडल दाबायचं नाही. रेषा ओलांडली की आधी पाय उचल, मग खटका बंद, मग ब्रेक. "आणि घाबरलीस तर?"

"तर?"

"तर पाय उचल. पाय उचललास की सगळं बंद. तसंच केलंय मी." मग हेल्मेटचा पट्टा पुन्हा एकदा ओढून म्हणाले, "खूप जपून केलंय."

हिरवा दिवा झाला. पहिला गिअर, दुसरा, सगळं रोजच्यासारखं. मग मी इतक्या वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. पेडल तळापर्यंत दाबलं. एक क्षण काहीच झालं नाही. मग मागून कुणी तरी आसनासकट मला उचलून पुढे ढकलल्यासारखं झालं. दिव्यांचे खांब एकमेकांना चिकटले. माझी पाठ सीटमध्ये रुतली, आणि माझ्याच गाडीचा, जिच्यातून मी वह्या आणि बेकरीतले उंडे आणते तिचा, आवाज मला अनोळखी झाला. मी घाबरले. पण पाय उचलला नाही. मला हसू यायला लागलं. गॅसाचा वगैरे काही संबंध नाही, काचा बंद होत्या, सगळं ह्यांनी बांधलेलं. मी आपली हेल्मेटच्या आत एकटीच खिदळत होते. गतिरोधकांमागे, बसमागे, म्हशींमागे थांबून घालवलेली सगळी वर्षं त्या रस्त्यावर मागे पडत होती. रेषा आली. पाय, खटका, ब्रेक. पुढे दोन स्वयंसेवक काठ्या घेऊन एका गाईला रस्त्याबाहेर हाकलत होते.

मी परत आले तेव्हा ह्यांनी आधी बाटलीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि मग मला विचारलं, "बरी आहेस?"

"पुन्हा जाऊ?" मी म्हटलं. नर्सने माझाही रक्तदाब बघितला. अगदी नॉर्मल होता.

महिला विभागात मी एकटीच, त्यामुळे पहिली मीच आणि शेवटचीही मीच. प्रमुख पाहुण्यांना कुणी तरी घाईत गाडीत गॅस आहे एवढंच सांगितलं असावं. त्यांनी चषक देताना माइकवरून सांगितलं, "आमच्या भगिनी स्वयंपाकघरातला गॅस सांभाळतात, आणि वेळ आली तर तोच गॅस रस्त्यावरही आणतात!" टाळ्या पडल्या. ह्यांनी उठून दुरुस्ती करायचा प्रयत्न केला, पण माइक त्यांच्याकडे कुणी दिला नाही.

त्यानंतर पंधरवडाभर हे थोडे उदास होते. मग एका रविवारी सकाळी पंखवाल्या गाडीचा तो पोरगा दारात आला. त्याच्या लक्षात आलं होतं की काकांची गाडी हरली, पण तिचं इंजिन शाबूत राहिलं. त्याचं पुढच्याच फेरीत गेलं होतं. त्याच्या गाडीत बाटली एरवी, तपासणी सोडली तर, मागच्या सीटवर नुसती आडवी ठेवलेली असायची, उशीला टेकून. ते ऐकून हे खुर्चीतून उठले ते जणू दहा वर्षांनी लहान होऊन. आता दर रविवारी दोन-तीन पोरं येतात. हे त्यांच्या बाटल्यांच्या पट्ट्या ओढून बघतात, रस्त्यावर वापरणार नाही असं वदवून घेतात, मोठे जेट काढायला लावतात आणि भरपूर ओरडतात. पोरं खाली मान घालून ऐकतात. मेस्त्रीसुद्धा येतो. पाव भाजीबरोबर खातो आणि नव्या पोरांना ब्लो टॉर्चची गोष्ट सांगतो. त्या गोष्टीत टॉर्च दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात असतो.

चषक बाहेरच्या खोलीत मेजावर आहे. त्यावर "महिला विभाग, प्रथम" एवढंच कोरलंय. परवा शेजारीण साखर मागायला आली, तिने तो उचलून बघितला.

"कसल्या स्पर्धेत गो?"

"मोटारीच्या शर्यतीत," मी म्हटलं.

ती हसली. मग माझ्या हातावर टिचकी मारून म्हणाली, "खरें सांग. रांधपाच्या स्पर्धेत न्हय? सोलकढी की भाज्यांचें खतखतें?"

बाहेर अंगणात हे कुठल्या तरी पोराला मोठ्याने विचारत होते की हेल्मेट कुठे आहे.

"खतखतें," मी म्हटलं आणि साखरेचा डबा खाली काढला.